गाठ काढण्याआधी जखम झाकण्याचे ठरवा



जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले, तेव्हा आरोग्य यंत्रणा काही दिवसांत दारात आली. पाण्याचे नमुने गेले, रक्त तपासले गेले, आयसीएमआरचे पथक उतरले. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. ही धावपळ योग्यच होती. पण डोक्यावरचा वर्षभर न भरणारा चट्टा रुमालाखाली झाकून शेतात जाणारा म्हातारा माणूसही याच जिल्ह्यात राहतो, आणि तो एकेकटा असल्यामुळे त्याची बातमी होत नाही.

असा चट्टा त्वचेचा कर्करोग असू शकतो. हा कर्करोग आपल्याकडे तुलनेने कमी. कातडीतले रंगद्रव्य उन्हापासून बरेचसे राखते. तरीही टक्कल पडलेल्या डोक्यावर चाळीस वर्षे ऊन झेललेल्या माणसाला तो गाठतो. लहानपणी भाजल्याचा वण असेल तर तिथेही काही दशकांनी तो उगवू शकतो. फ्रेंच सर्जन मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये अशा व्रणांचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्या व्रणाला पडले. घरी हळद लागते, मग मेडिकलमधून मलम येते. तुकडा तपासायला जाईपर्यंत गाठ कधीकधी हाडाला भिडलेली असते.

ती काढणे हे अर्धेच काम आहे, हा या पत्राचा मुद्दा.

डोक्याच्या कातडीखाली गॅलिया नावाचा चिवट पडदा असतो आणि तो ताणला जात नाही. त्यामुळे पोटावरची मोठी जखम जशी ओढून शिवता येते, तशी डोक्यावरची साधारण तीन सेंटीमीटरच्या पुढे शिवता येत नाही. त्यात गाठीभोवतीची सेंटीमीटरभर निरोगी कातडीही काढावी लागते. म्हणजे पाच सेंटीमीटरची गाठ निघाली की सात सेंटीमीटरचा खड्डा उरतो. त्याच्या तळाशी कवटीवरचे पातळ आवरण शिल्लक असेल, तर मांडीची कातडी तिथे धरते. आवरण गाठीबरोबर गेले असेल, तर उघड्या हाडातून कातडीला रक्त मिळत नाही आणि ती काळी पडून गळते. मग शेजारची जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट फिरवून आणावी लागते. ती पुरेशी नसेल तर पाठीचा मोठा स्नायू काढून डोक्यावर अंथरतात आणि त्याची जेमतेम दोन मिलिमीटरची धमनी सूक्ष्मदर्शकाखाली कानापुढच्या धमनीला शिवतात. हे काम कित्येक तास चालते आणि ते प्रशिक्षित प्लास्टिक सर्जनच्या हातांचेच आहे.

असे हात जवळ नसले की जुना मार्ग उरतो : हाडाला बारीक छिद्रे पाडायची आणि आतून मांस वर येण्याची वाट पाहायची. बेलोस्त या फ्रेंच सर्जनने १६९६ मध्ये तो लिहून ठेवला. मोठी भूल न सोसणाऱ्या वृद्धासाठी तो आजही उपयोगी आहे, परंतु त्याला महिने लागतात. रेडिएशन द्यायचे असेल तर ते शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवड्यांत सुरू व्हावे लागते. जखम उघडी राहिली की ते लांबते आणि रोग परतण्याची भीती वाढते. उघड्या हाडावर दिले तर हाड मरू शकते. म्हणून जखम झाकणे ही केवळ दिसण्याची बाब मानणे चूक आहे. तो कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे.

असे उपचार मिळवण्यासाठी तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यातून लोणारचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरला जातो, खामगावचा अकोल्याला, मलकापूरचा रेल्वेत बसून मुंबईला टाटा रुग्णालयात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे, तो मोलाचाही आहे. पण बुडालेली मजुरी आणि सोबत जाणाऱ्या मुलाचे हाल कोणत्याही कार्डावर भरून निघत नाहीत. गाठ एकीकडे निघाली आणि झाकायला दुसरीकडे जायचे म्हटले, की हीच फरफट दुप्पट होते.

अशा मोजक्या रुग्णांसाठी जिल्ह्याला प्लास्टिक सर्जन कशाला, असे कोणी विचारेल. त्यांनी ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या गावांना विचारावे. अस्वल बहुधा तोंडावर आणि डोक्यावरच झडप घालते. मळणी यंत्रात केस किंवा पदर अडकला तर अख्खी कातडी सोलून निघू शकते. भाजलेल्या बाया आहेत, समृद्धी महामार्गावरचे अपघात आहेत. या सगळ्यांना लागणारे कौशल्य एकच आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचेही आहे. तिथे लगेच पूर्ण विभाग उभा राहील अशी अपेक्षा नाही. मोठ्या शासकीय महाविद्यालयातील प्लास्टिक सर्जनने आठवड्यातून एक दिवस येऊन बसणे मात्र शासनाला जमण्यासारखे आहे. डोक्यावरची मोठी गाठ काढण्यापूर्वी ती जखम कोण आणि कशी झाकणार, हे केसपेपरवर लिहिलेले असावे. इथे जमणार नसेल तर रुग्णाला गाठ काढण्याआधीच पुढे पाठवावे. हाड उघडे पाडून नव्हे.

आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची जी तपासणी गावोगाव होते, तिच्यात डोक्यावरचा रुमाल काढून पाहण्याची सूचना घालावी. गावातल्या नाभिक बांधवांनाही हे समजावून सांगायला हवे, कारण माणसाचे डोके सर्वांत जवळून तेच पाहतात. महिनाभरात न भरलेली जखम दिसली, की त्यांनी गिऱ्हाइकाला तुकडा तपासायला रुग्णालयात धाडावे.

— एक वाचक, खामगाव, जि. बुलढाणा