लग्नाची तबकडी आणि पवईचे धडे



गावोगाव फिरताना हल्ली एक तक्रार वारंवार कानावर येते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची तबकडी, म्हणजे डीव्हीडी, कपाटात जपून ठेवलेली असते. टीव्हीला जोडायचा प्लेअर केव्हाच मोडीत गेलेला. मग मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या संगणकावर ती लावतात आणि घरची सारी मंडळी समोर बसतात. नवरा-नवरी स्तब्ध उभी आहेत तोवर ठीक. कोणी हात हलवला, की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा उठतात. माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. ‘तबकडी बिघडली’ म्हणून ती पुन्हा कपाटात जाते. कित्येक घरांत आजोबांचे चालते-बोलते रूप आता त्या एका तबकडीतच उरले आहे. म्हणून या वेळी पीकपाणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे. बहुतेक वेळा तबकडी बिघडलेली नसते, ती लावण्याची पद्धत चुकते.

आधी त्या रेघांचे कारण पाहू. आपल्याकडच्या डीव्हीडीवर सेकंदाला २५ चित्रे असतात आणि एका चित्रात ५७६ आडव्या ओळी. त्या काळचे कॅमेरे या ओळी एका दमात टिपत नसत. पेरणी करताना पहिल्या फेरीत पहिली, तिसरी, पाचवी ओळ पेरावी आणि मागाहून येऊन दुसरी, चौथी, सहावी भरून काढावी, तसा तो प्रकार होता. दोन फेऱ्यांमध्ये एक पन्नासांश सेकंदाचे अंतर. जुना काचेच्या नळीचा टीव्हीही चित्र तसेच दोन फेऱ्यांत उमटवी, त्यामुळे डोळ्याला काही खटकत नसे. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. तेवढ्या अवधीत हात पुढे सरकलेला असतो, म्हणून निम्म्या ओळींत तो एके ठिकाणी आणि उरलेल्या निम्म्यांत दुसऱ्या ठिकाणी दिसतो. हेच ते कंगव्याचे दात.

यावर उपाय फुकटचा आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चालवण्याची सोय मुळात दिलेलीच नाही, त्यामुळे निराळा प्रोग्राम घालावाच लागतो. व्हीएलसी नावाचा प्रोग्राम त्यासाठी उत्तम. पॅरिसच्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कामातून तो निघाला आणि आजही मोफत मिळतो. रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला नारिंगी शंकू ही त्याची खूण. तबकडी लावून ‘मीडिया’ या यादीतून ‘ओपन डिस्क’ निवडावे. चित्र सुरू झाले की वरच्या ‘व्हिडिओ’ यादीत ‘डीइंटरलेस’ असे लिहिलेले आढळेल. ते बहुधा ‘ऑटोमॅटिक’वर असते, म्हणजे तबकडीवर तशी खूण असेल तरच काम करते. लग्नाच्या तबकड्यांवर ही खूण नेहमी बरोबर असतेच असे नाही. म्हणून ते ‘ऑन’ करावे आणि त्याखालच्या ‘मोड’मध्ये ‘याडिफ’ निवडावे. रेघा तिथल्या तिथे जातात. कळफलकावरचे ‘डी’ हे अक्षर दाबूनही ही सोय चालू-बंद होते.

आता कोणी म्हणेल, मग ती कायमची चालूच ठेवू. तसे करू नये, आणि का ते पवईच्या उदाहरणावरून कळेल. मुंबईत पवईला तलावाजवळ १९५८ साली स्थापन झालेली आयआयटी आहे. तेथून ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम चालतो. संगणकाच्या पडद्यावर जे काम चालले असेल तेच टिपून त्यावर आवाज घालायचा, अशी या धड्यांची रीत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो आणि पुष्कळसे धडे मराठीतही आहेत. पाहणाऱ्याने थांबवत थांबवत सोबत स्वतः करून शिकावे, अशी त्यांची आखणी आहे. जेथे इंटरनेट धड चालत नाही तेथे ते तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर घालून नेता येतात. आपल्या वाड्या-वस्त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

या धड्यांत कॅमेरा नाही, त्यामुळे दोन फेऱ्यांची भानगडही नाही. सगळ्या ओळी एकाच क्षणाच्या. अशा चित्रावर ‘डीइंटरलेस’ जबरदस्तीने चालू ठेवले तर असलेले चांगले चित्र बिघडते, अक्षरांच्या बारीक आडव्या रेघा थरथरतात किंवा पुसट होतात. जी फवारणी रोगट पिकाला लागते ती निरोगी पिकावर मारायची नसते. लग्नाच्या तबकडीला ते चालू करावे, पवईच्या धड्याला बंद. आणि अशा धड्यातील अक्षरे वाचायची असतील तर चित्र पडदाभर ताणण्यापेक्षा ‘व्हिडिओ’ यादीतील ‘झूम’मधून ते मूळ आकारात पाहावे. लहान दिसते, पण स्वच्छ दिसते.

याच उपक्रमात आरोग्य आणि आहाराचे धडेही आहेत. पाजताना बाळाला कसे धरावे, त्याच्या डोक्याला आधार कसा द्यावा, हे त्यांत दाखवले आहे. सुनेला किंवा बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीला ते जरूर दाखवावे. पण चित्र दाबलेले किंवा फाकलेले असेल तर बाळाचा कल आणि हाताची जागा नीट कळायची नाही. सन २००० च्या आसपासची लग्ने बहुतेक चार भाग रुंद आणि तीन भाग उंच अशा चित्रात टिपलेली आहेत. आजचे पडदे सोळास नऊ या मापाचे. पडदा भरावा म्हणून ते चित्र ओढून बसवले की घरची सारी माणसे फुगल्यासारखी दिसतात. व्हीएलसीत ‘ए’ अक्षर दाबत गेल्यास मापे बदलतात, ‘डीफॉल्ट’वर आले की थांबावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्याव्यात.

चित्र किती सुधारेल याचा हिशेबही मांडून ठेवतो. डीव्हीडीच्या एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. आजच्या १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर बरोबर त्याच्या पाचपट ठिपके आहेत. एका ठिपक्याला पाचांची जागा भरावी लागली तर मऊपणा येणारच. अशा वेळी चार हात मागे सरकून बसावे, चित्र आपोआप बरे दिसते. चौकोनी तुकड्यांचा दोष मात्र आपल्या हातचा नाही. साध्या तबकडीत ४.७ गीगाबाइट माहिती मावते, ती दोन तासांच्या चित्रणाला चांगली पुरते. स्टुडिओवाल्याने हळदीपासून वरातीपर्यंत चार तास एकाच तबकडीत कोंबले असतील, तर प्रत्येक क्षणाच्या वाट्याला निम्मीच माहिती येते. स्तब्ध चेहऱ्याला ती पुरते. पण अक्षतांचा मारा सुरू झाला, की हजार दाणे हजार दिशांना उडतात आणि तेथे ती अपुरी पडून तुकडे दिसतात. त्यावर उपाय सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

रंगाविषयी थोडे. विंडोजमध्ये ‘नाइट लाइट’ नावाची सोय असते, ती चालू असली की सारा पडदा पिवळसर होतो. हळदीच्या चित्राला ते खपेल. पण पीकरोगाची माहितीपट्टी पाहताना घोटाळा होतो. लोह कमी पडले तर कोवळी पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात, नत्र कमी पडले तर पिवळेपणा आधी जुन्या पानांवर येतो. हा फरक पिवळ्या पडद्यावर ओळखणार कसा? म्हणून ती सोय बंद करून पाहावे. पडदा डोळ्यासमोर सरळ धरावा, कारण साध्या लॅपटॉपचे रंग तिरके पाहिले की बदलतात.

तबकडी अडखळत असेल तर पुसून पाहावी. मऊ सुती कापड किंचित ओले करून मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावे, गोल गोल पुसू नये. रॉकेल, थिनर लावू नये.

शेवटचे काम लांबणीवर टाकू नये. घरी किंवा स्टुडिओत उतरवलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने खराब होत जातो. शिवाय नव्या लॅपटॉपना तबकडीचा कप्पा सहसा नसतो, यूएसबीला जोडायचा सुटा ड्राइव्ह घ्यावा लागतो. गावात कोणाकडे तो असेल तर एक दिवस मागून आणावा. तबकडी संगणकात उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल, तो आहे तसा अख्खा उचलून दोन ठिकाणी ठेवावा, एक प्रत घरी आणि एक पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाकडे. हे घरच्या चित्रणापुरतेच, सिनेमाच्या तबकड्यांना कुलूप असते आणि त्यांची नक्कल कायद्यात बसत नाही. मोबाइलच्या दुकानात ‘लहान करून’ घेऊन मूळ तबकडी टाकून देऊ नये. दुकानदाराने रेघा न काढता चित्र आकसले तर त्या रेघा चित्रातच मुरतात आणि मग कोणत्याही प्रोग्रामने निघत नाहीत. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रतही जपण्याच्या कामाची नाही. मूळ तबकडी तिच्या डबीत, उभी, सावलीत ठेवावी. कीटकनाशकाच्या बाटल्या असतात त्या फडताळात नको.