पुरात भिजलेला अल्बम एआय परत देईल का? घरच्यांचा फोटो काढायला शिकताय, तर हे वाचा

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या फीडवर दोन गोष्टी एकदमच फिरत होत्या. एक, गुगलच्या जेमिनीवर बनवलेले रेट्रो साडीतले फोटो. दुसरी, मराठवाड्यातल्या पुराचे व्हिडीओ. त्याच्या महिनाभर आधी नांदेडच्या मुखेड तालुक्यात लोकांच्या घरांत पाणी शिरलं होतं.

पूर ओसरला की पंचनामे होतात. पीक, जनावरं, घराची पडझड, सगळं लिहून घेतात. पानं एकमेकांना चिकटलेल्या लग्नाच्या अल्बमला मात्र तिथे रकाना नसतो.

लातूरला हे नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं कोसळली, आणि भिंतीवरच्या तसबिरी, ट्रंकेतले फोटो त्याच ढिगाऱ्याखाली गेले.

आता तुम्ही म्हणाल, एआय आहे की! फाटका फोटो टाकला की नवाकोरा मिळतो. मिळतो, पण एआयला तुमची आजी माहीत नसते. जिथे फोटो पुसलाय तिथे ते अंदाजानं चेहरा भरतं. कपाळावरचं गोंदण गायब होतं, सुरकुत्या जातात, रंग उजळतो. फोटो देखणा होतो, बाई मात्र दुसरीच असते. म्हणून आजी समोर आहे तोवर तिचा खरा फोटो काढायला शिकणं हे माझ्या मते जास्त कामाचं.

त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. आधी उजेड ओळखायला शिका. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये. बाराच्या ठोक्याला अंगणात उभं केलं की डोळ्यांच्या जागी काळ्या खाचा दिसतात आणि सगळे डोळे बारीक करतात. त्यापेक्षा ओसरीत सावलीला बसवा, तोंड उघड्या अंगणाकडे. तिथला उजेड मऊ असतो. आजोबांचा पांढरा फेटा पार पांढराफटक होत असेल, तर स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा. आणि ब्युटी मोड आधी बंद करा. सावळ्या माणसाला गोरं करून दाखवणं ही फोटोग्राफी नाही.

मोबाईलच्या वाइड लेन्समध्ये कडेची माणसं ताणली जातात (काकू उगाच रागावतात). चार पावलं मागे जा आणि २एक्स वापरा. कॅमेरा असेल आणि माणसं दोन रांगांत असतील, तर अॅपर्चर एफ ८ च्या आसपास ठेवा, नाहीतर मागची रांग धूसर येते. दहा-बारा फोटो काढा, कुणाचे तरी डोळे मिटतातच.

पण सगळ्यात अवघड काम माणसांचं आहे. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली. पडद्यातल्या बायका पुरुष फोटोग्राफरसमोर बसणार नाहीत, हे त्यांना कळलं होतं. आज पडदा नाही, पण घरोघरचे ग्रुप फोटो बघा. सून टोकाला अर्धी कापलेली, नाहीतर आई स्वयंपाकघरात. तिला हाक मारा, ती येईपर्यंत थांबा, मग क्लिक करा.

पैसे घेऊन फोटो काढायला लागलात तर एक कायदाही लक्षात ठेवा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, तुम्ही नाही. त्यामुळे इन्स्टाच्या पेजवर टाकण्याआधी त्या घराला विचारा. लहान मुलं असतील तर नक्कीच.

शेवटचं काम प्रिंटचं. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो आकसून लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. त्यातून ४ बाय ६ ची प्रिंट नीट निघते, भिंतीवरची मोठी नाही. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रिंटच्या दोन प्रती काढा. एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे, म्हणजे एका ठिकाणी पाणी शिरलं तरी दुसरी राहते. अल्बमच्या पानावर नावं, नाती, गाव आणि तारीख लिहा. नावं आजीलाच विचारा.