यंत्रमागाची गावे आणि सरकारचे देणे

भिवंडी-मालेगाव सरकारने वसवले नाही, आम्ही वसवले, असे आपले कारखानदार मोठ्या अभिमानाने सांगतात. हे अर्धेच खरे आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग आणले, 1930 च्या दशकात विजेवरचे माग आले, ही मेहनत लोकांचीच. परंतु धंदा एवढा फोफावला तो सरकारी धोरणामुळे. 1956 मध्ये केंद्राने गिरण्यांना माग वाढवण्यास बंदी घातली. हेतू हातमाग वाचवण्याचा होता. गिरण्यांची मोकळी जागा घेतली मात्र यंत्रमागाने! 1982 च्या मुंबईतील गिरणी संपानंतर आणखी काम भिवंडीकडे वळले.

सरकारने मनात नसताना उद्योग वाढवला, आणि वाढवायचे मनात घेतले तेव्हा तो हातून निसटला. 1985 च्या कायद्याने साड्यांसह कापडाचे काही प्रकार हातमागासाठी राखून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो कायदा वैध ठरवला. मग 1 एप्रिल 1999 रोजी आधुनिकीकरणाची योजना आली. नवे माग घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजात त्यात सवलत होती. म्हणजे आधी बँकेचे कर्ज हवे, त्यासाठी तारण हवे, हिशेबाची वही हवी. आठ-दहा जुन्या मागांवर मजुरीने कापड विणणाऱ्याकडे यातले काय होते? शिवाय व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू पाहणाऱ्यांना ही सवलत कशी घेता येणार, याचा विचार दिल्लीत कोणी केल्याचे दिसत नाही.

आमच्या मते छोट्या कारखानदाराची खरी अडचण माग जुना असणे ही नाही. सूत ही आहे. व्यापारी सूत उधार देतो, कापड तोच उचलतो, आणि दोन्हीकडचा भाव तोच ठरवतो. सुताचा भाव चढला की मजुरी कापली जाते, मंदी आली की माग बंद. या गाठीला हात घालणारी एक तरतूद सरकारने केली होती. 1 एप्रिल 2017 रोजी भिवंडीतच सुरू झालेल्या पॉवरटेक्स योजनेत सूत बँकेसाठी 2 कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी भांडवल ठेवले होते. ते एकट्या माणसाला मिळणारे नव्हते, कारखानदारांच्या संयुक्त संस्थेला मिळणारे होते. गिरणीतून घाऊक भावात सूत घ्यावे आणि छोट्यांना वाजवी दराने द्यावे, अशी कल्पना.

एकट्याला देण्याच्या अनुदानापेक्षा सरकारने अशा सामायिक सोयींवर पैसा घालावा: सूत बँक, सायझिंग, कापड तपासणी, रंगाई. वीज आणि रस्तेही त्याच्याच वाट्याचे. भिवंडीतील वीज वितरण 2007 पासून खासगी कंपनीकडे गेले म्हणून सरकारची जबाबदारी गेली नाही.

आणि आपल्या संघटनांनी? त्यांचे मोर्चे बहुधा वीजदरासाठी निघतात. ते निघावेतच. पण एका मोहल्ल्यातील वीस-पंचवीस कारखानदारांची नोंदणीकृत संस्था उभी करणे, सर्वांची उद्योग नोंदणी आणि हिशेब नीट ठेवणे, हे काम मंत्रालयातला अधिकारी येऊन करणार नाही. अशी संस्था नसेल तर पुढची सूत बँकही सुताचा मोठा व्यापारीच घेऊन जाईल.