संकट माशाने घेतले म्हणे!

दिवाळीत कडू बोलू नये, असा आपल्याकडे दंडक आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट चिरडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चालही आपलीच. वाचकांनी हा लेख ते कारीट समजावे, जिभेला लावावे आणि मग खुशाल फराळाला बसावे.

आता आमच्या ढोकीसारख्या गावातही बैठकीच्या खोलीत मासे पाळण्याची हौस आली आहे. मुलांच्या हट्टापायी माझ्याही घरी काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे आले. चार लिटर पाणी, तळाशी रंगीत खडे, आणि त्यात ते दोन जीव दिवसभर गरगर फिरत. मला त्यांची दया आली. दिवाळीच्या तोंडावर मी तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच अशी टाकी आणली. काठोकाठ भरली तर शंभर लिटरांच्या वर पाणी मावेल. दिवाळीच्या साफसफाईत जुने खडे उकळत्या पाण्याने घासून लख्ख केले, नव्या टाकीत नवे पाणी भरले आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मासे त्यात सोडले. भाड्याच्या खोलीतून बिऱ्हाड थेट वाड्यात! आल्यागेल्याने वाहवा केली, आणि मीही ती संकोच न करता घेतली.

भाऊबीजेला पाहुणे आले. त्यांच्या मुलांनी टाकीत चिवड्याचे पोहे टाकले, लाडवाचा चुरा टाकला. पाणी गढूळ झाले. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागले, तेव्हा ‘भूक लागली’ म्हणून आम्ही आणखी खाणे घातले. तुळशीच्या लग्नाआधी एका सकाळी त्यांतला एक उताणा तरंगताना दिसला.

शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ समाचाराला आले. म्हणाले, “मास्तर, वाईट वाटून घेऊ नका. घरावर काय तरी मोठं येणार व्हतं, ते त्यानं आपल्या अंगावर घेतलं.” घरातल्या मंडळींना बरे वाटले. खोटे कशाला सांगू, मलाही वाटले. तेवढ्यात धाकटीने विचारले, “अप्पा, आपल्यावर कोणतं संकट येणार होतं?”

मी मास्तर. दिवसाकाठी पन्नास प्रश्नांना उत्तरे देतो. या एकाला देता आले नाही.

माझे भांडण आहे ते या समजुतीशी. ती वरवर मोठी मायाळू दिसते, पण तिच्याइतकी सोयीची समजूत दुसरी नसेल. आपल्या हातून जीव गेला की तो आपल्यासाठी गेला असे म्हणायचे! मारणारा तो उपकृत झाला आणि मरणारा तो हुतात्मा. चौकशी संपली, चूक पुसली गेली, आणि आठ दिवसांनी बाजारातून नवा हुतात्मा आणायला आपण मोकळे. गाय आटली तर आपण चारा पाहतो, बैल बसला तर खूर पाहतो. मासा मेला तर मात्र पाणी न पाहता आभाळाकडे का पाहतो?

मी पाणी पाहायचे ठरवले. माझे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पण हे समजायला मॅट्रिकही लागत नाही, कोणत्याही गृहिणीला ते चूल न सोडता समजेल. मासा राहतो त्याच पाण्यात उत्सर्ग टाकतो. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो, आणि उरलेसुरले खाणे कुजून त्यात भर घालते. अमोनिया हे माशाला विष. जुन्या, मुरलेल्या टाकीत खड्यांवर आणि गाळणीच्या स्पंजावर सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषच, पण दुसरी जात त्याचे नायट्रेट करते, आणि ते बेताचे असेपर्यंत माशाला सोसते. ही वस्ती नव्या टाकीत आपोआप बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

दुधाला विरजण नसेल तर भांडे चांदीचे असून दही लागत नाही. माझ्या जुन्या खड्यांवर जे काही थोडेफार विरजण होते, ते मी उकळते पाणी ओतून, घासून, स्वच्छतेच्या अभिमानाने मोरीत सोडून दिले होते! वाडा मोठा होता, पण त्यात राहण्याजोगे पाणी नव्हते. मासे तोंडे उघडीत होते ते भुकेने नव्हे, गुदमरून. आणि आम्ही त्यांना वर लाडू भरवीत होतो. संकट माशाने घेतले नाही. संकट आम्ही आणले होते, चांगला मुहूर्त पाहून.

दुसरा मासा वाचला तो लातूरच्या एका हौशी गृहस्थामुळे. त्यांनी आपल्या चालत्या टाकीच्या गाळणीतला स्पंजाचा एक ओला तुकडा दिला, शेजारीण वाटीत विरजण देते तसा. तो मी माझ्या गाळणीत बसवला. रोज चौथा हिस्सा पाणी बदलले, खाणे जवळजवळ बंद केले. महिन्याभरात पाणी निवळले. तो मासा अजून आहे.

यावर जे आक्षेप येतात ते मला पाठ आहेत.

पहिला: “कशाला हवी मोठी टाकी? मासा भांड्याएवढाच वाढतो.” हे धादांत खोटे आहे. तो वाढत नाही, खुंटतो. कारण तो स्वतःच्याच घाणीत जगतो. साधा सोनेरी मासा नीट ठेवला तर फूटभर होऊ शकतो. इंग्लंडात 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला ‘टिश’ नावाचा असा एक मासा 1999 पर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे जगला. आपल्याकडे तो त्रेचाळीस दिवस जगला तरी दुकानदाराची तारीफ होते. रोम शहराने तर 2005 साली गोल भांड्यात मासे ठेवण्यालाच बंदी घातली. गोल भांडे गळ्यापर्यंत भरले की पाण्याला हवा लागायला वीतभर तोंड उरते. आमच्याकडे वीज जाते तेव्हा हवेचा पंप बंद पडतो. अशा वेळी टाकीचा रुंद पृष्ठभाग हाच माशाचा आधार.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: “या दुष्काळी मुलखात माशाला शंभर लिटर पाणी?” 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते, आणि ती गाडी याच ढोकीच्या रुळांवरून गेली. म्हणून हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. पण हिशेब करा. टाकीतले शंभर लिटर एकदाच भरायचे. पुढे आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे पंचवीस लिटर बदलायचे, आणि काढलेले पाणी तुळशीला, कढीपत्त्याला घालायचे. त्यातले नायट्रेट झाडांचे खतच असते. तेवढेही पाणी ज्या घरात नसेल, त्या घराने मासे पाळू नयेत. हौस नसल्याने कुणी मरत नाही. हौस अर्धवट केली की मरतो, तो मात्र आपण नसतो.

तिसरा: “झेपत नसेल तर तेरणेत सोडून देऊ, पुण्य लागेल.” पुण्य नव्हे, पाप लागेल. बाजारातला मासा एक तर तिथे तगत नाही, किंवा तगला तर नदीतल्या मूळच्या माशांच्या मुळावर येतो. मासा नकोसा झाला तर तो नीट सांभाळील अशा माणसाला द्यावा.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. ते कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या जिल्ह्याच्या वेशीपासून फार दूर नाही. त्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. कोणत्या जातीचा मासा काय खातो, याचा त्यात विचार केला आहे. त्या राजाला मासे गळाने धरायचे होते! धरण्यासाठी ज्याने एवढा अभ्यास केला, त्याच्यापुढे प्रेमाने पाळतो म्हणणाऱ्या आपल्याला माशाला लाडू चालत नाही एवढेही ठाऊक नसावे?

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत मोठी टाकी अवश्य आणा. पण बिऱ्हाड लगेच हलवू नका. पाणी शुद्ध करायच्या पावडरीतले क्लोरीन माशाला बाधते. नळाचे पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे थेंब वापरा. जुने खडे, जुनी गाळणी न घासता, ओल्या ओल्या नव्या टाकीत न्या. विरजण घरात नसेल तर मासे पाळणाऱ्या ओळखीच्याकडून मागून आणा, त्यात कमीपणा नाही. तेही न मिळाले तर रिकाम्या टाकीत गाळणी चालू ठेवून रोज चिमूटभर खाणे टाका, ते कुजू द्या, आणि चंपाषष्ठी उलटेपर्यंत धीर धरा. पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे थेंबही मिळतात. दोन्ही शून्यावर आले की मगच मासे हलवा. हलवताना माशाची पिशवी पाव तास नव्या पाण्यावर तरंगत ठेवा, तिच्यात थोडे थोडे नवे पाणी घाला आणि मग त्याला अलगद सोडा. पहिले काही दिवस चिमटीने मोजून खायला द्या, आणि भाऊबीजेच्या पाहुण्यांना टाकीपासून चार हात दूर बसवा.

एवढे करूनही मासा मेला तर मरो. जिवाला मरण आहेच. पण तेव्हा घरातले पोर विचारील, “का मेला?” त्या वेळी आभाळाकडे बोट दाखवू नका. त्याला टाकीपाशी न्या, बाही वर सारा, आणि पाणी तपासा.