चार कॉम्प्युटर, एक की-बोर्ड आणि एक गेट पास

गेल्या वर्षी चाकणमधल्या एका कारखान्यात एका पोराचा गेट पास काढून घेतला. लातूरकडचा, आयटीआय झालेला, ठेक्यावर काम करणारा. त्याची चूक एवढीच, की पार्ट नंबर भलत्याच कॉम्प्युटरमध्ये गेला. ज्या डब्यातून तो नंबर तिकडे गेला, तो डबा मी बसवला होता.

त्या डब्याला केव्हीएम स्विच म्हणतात. की-बोर्ड, व्हिडिओ आणि माऊस यांची ही इंग्रजी आद्याक्षरं. चार कॉम्प्युटर एका डब्याला जोडायचे आणि डब्याला एकच स्क्रीन, एकच की-बोर्ड, एकच माऊस लावायचा. बहुतेक डब्यांत स्क्रोल लॉक दोनदा दाबून आकडा दाबला, की त्या नंबरचा कॉम्प्युटर समोर येतो. त्याचाच भाऊ म्हणजे एक्स्टेंडर. यूएसबी 2.0 ची साधी केबल 5 मीटरच्या पुढे भरवशाची नसते. एचडीएमआय 10-15 मीटरनंतर नखरे करायला लागते. एक्स्टेंडर हेच सिग्नल कॅट 6 केबलवरून 100 मीटरपर्यंत नेतो.

या वस्तूंशी माझं भांडण नाही, पोट त्यांच्यावरच चालतं. शॉप फ्लोअरवर कूलंटची वाफ, तेल, ग्राइंडिंगची धूळ. अशा ठिकाणी ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पंखा काही महिन्यांत चोंदतो. तेच कॉम्प्युटर लांबच्या एसी पॅनेलमध्ये ठेवले आणि ऑपरेटरपाशी फक्त स्क्रीन आणली, तर मशीनही वाचतं आणि मेंटेनन्सवाल्याची झोपही. तेवढी एक काळजी घ्यायची, की मोटारच्या ड्राइव्हच्या पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून ही केबल ओढायची नाही. ओढली तर मोटर चालू झाली की माऊस गोठतो आणि लोक मला फोन करतात. काही जण तर एक्स्टेंडरची केबल दिसायला नेटवर्कसारखी म्हणून थेट नेटवर्क स्विचमध्ये खोचतात आणि मग डबा खराब निघाला म्हणून ओरडतात. असो.

त्या कारखान्यात एका लाइनला चार कॉम्प्युटर होते. एक लीक टेस्टचा, एक कॅमेरा तपासणीचा, एक लेझर मार्किंगचा आणि एक लेबल छापणारा. आधी दोन ऑपरेटर होते. मी डबा बसवल्यावर एक राहिला. खरेदीच्या कागदावर फायदा म्हणून हेच लिहिलं होतं, एक माणूस कमी. मी तो कागद पाहिला होता.

आता गोष्ट बारकोड स्कॅनरची. कॉम्प्युटरच्या दृष्टीने स्कॅनर म्हणजे की-बोर्डच. त्याने वाचलेला नंबर कुणीतरी भराभर टाइप करून एंटर दाबावा, तसा आत जातो. स्कॅनरसाठी वेगळी केबल ओढायला नको म्हणून तोही डब्याला जोडायला सांगितलं आणि मी जोडला. चारही सॉफ्टवेअर एकाच माणसाने बनवलेली. तोच राखाडी फॉर्म, तीच पार्ट नंबरची पांढरी चौकट. स्विच करताना स्क्रीन दोन सेकंद काळी होते, की-बोर्ड मात्र तोवर पलीकडे पोचलेला असतो. रात्रपाळीत त्या पोराने लेबलसाठी कार्ड स्कॅन केलं. स्विच लेझरवर होता. पुढचे कितीतरी तुकडे चुकीच्या नंबरने कोरले गेले आणि लेझरने कोरलेलं पुसता येत नाही. तो माल ग्राहकाच्या दारात पकडला गेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. मला विचारलं, "भाई, डबा बरोबर चालतोय ना?" मी म्हणालो, "हो साहेब, एकदम ओके." खोटं नव्हतं. डब्याने सांगितलेलं कामच केलं होतं. पण माझं बिल अडकलेलं होतं, म्हणून पुढचं वाक्य मी बोललो नाही. कायम कामगार असता तर नोटीस निघाली असती, खुलासा मागवला असता, चौकशी झाली असती. ठेक्यावरच्या पोराला उद्यापासून येऊ नको एवढंच सांगतात.

अब्बा भोसरीत लेथवर होते. तेही कधी कधी दोन मशीन सांभाळायचे. पण एका लेथचा हँडल धरला म्हणून दुसरी लेथ हलत नाही. आवाज, चिपचा रंग, हाताला लागणारी थरथर यावरून आपण कुठल्या मशीनवर आहोत हे शरीरालाच कळायचं. केव्हीएमने नेमकं तेच काढून घेतलं. हात त्याच की-बोर्डवर, डोळे त्याच स्क्रीनवर आणि मशीन मात्र बदललेलं. डब्यावर छोटा दिवा असतो हे खरं. पण डबा पॅनेलमध्ये आणि पॅनेलला कुलूप.

दिव्यावरून आठवलं. 28 मार्च 1979 ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र तो बंद असल्यासारखा दिसत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्ह नव्हे, व्हॉल्व्हला दिलेला हुकूम दाखवत होता. दोन तासांहून जास्त वेळ लोक फसले. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने ऑपरेटरांच्या चुका नोंदवल्या. पण तिथेच न थांबता त्यांचं प्रशिक्षण, लिखित सूचना आणि खुद्द कंट्रोल रूमची मांडणी यांवरही बोट ठेवलं. अणुभट्टीच्या बाबतीत जे विचारलं जातं, ते आमच्या कुरुळी-निघोज्यात का विचारलं जाऊ नये? आमच्याकडे "ह्यूमन एरर" असं रिपोर्टात लिहिलं की फाइल बंद होते.

हे टाळणं महागही नाही. स्कॅनर ज्या कॉम्प्युटरचा, त्याच्याच यूएसबी पोर्टला जायला हवा, स्विचमधून कधीच नाही. लागली तर त्याच्यासाठी वेगळी केबल ओढा. प्रत्येक कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वेगळ्या रंगाची जाड पट्टी ठेवा, लेझरची लाल. यात पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. की-बोर्डवरून स्विच करण्याची सोय बंद करून ऑपरेटरच्या हाताशी दिव्याची चार बटणं द्या. मार्किंगच्या सॉफ्टवेअरने नंबर बदलला, की आधी एक तुकडा कोरून थांबावं आणि माणसाने बघून हो म्हणावं. इमर्जन्सी स्टॉप तर या डब्याच्या आसपासही नको, त्याची वायर थेट मशीनला.

आणि मुळात चार प्रक्रियांवर एकाच वेळी नजर हवी असेल तर चार स्क्रीन लावा. स्विच हा अधूनमधून लागणाऱ्या कॉम्प्युटरसाठी असतो. एका माणसाकडून चौघांचं काम काढून घेण्यासाठी तो वापरला, तर वाचलेला पगार कंपनीला मिळतो आणि वाढलेली जोखीम ऑपरेटरच्या गळ्यात पडते. माझे धंद्यातले मित्र म्हणतात, आपण विकणारे, आपल्याला काय? मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आलो.

बिल मिळाल्यावर मी त्या कारखान्यात जाऊन मीटिंगमध्ये न बोललेलं वाक्य बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. स्कॅनर बदलला, रंगीत पट्ट्याही आल्या. पोराला परत घ्यायचा विषय काढला तर म्हणाले, "तो ठेकेदाराचा प्रश्न आहे." ठेकेदार म्हणाला, "कंपनीचा."

आपल्या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आमच्यासारख्यांची कामं नेमकी त्याच दिवशी निघतात. (सुट्टी एक दिवस पुढे ढकलली असती तर जुम्म्याला आमचीही सोय झाली असती, पण ते विजेचं गणित आहे.) मागच्या गुरुवारी महाळुंग्यात एका ठिकाणी विचारलं, चार पोर्टचा केव्हीएम कितीला बसेल. मी लाइन पाहिली आणि चार स्क्रीनचं कोटेशन दिलं. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.