'नाही'च्या पुढचा कंस

विंडोज १० किंवा ११ असलेल्या लॅपटॉपवर स्टार्टच्या सर्चमध्ये 'चेंज डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधा. एक छोटीशी चौकट उघडते. तिच्यात एकच प्रश्न आहे: तुमच्या उपकरणांसाठी उत्पादकांची अ‍ॅप्स आणि खास आयकॉन आपोआप डाउनलोड करायचे का? खाली दोन उत्तरं. 'हो', आणि पुढे कंसात, अशी शिफारस आहे. 'नाही', आणि पुढे कंसात, तुमचं उपकरण अपेक्षेप्रमाणे चालणार नाही अशी शक्यता आहे. मूळ इंग्रजी, मराठी माझं.

कविता वाचताना आपल्याला काय शिकवतात? कोण बोलतंय, कोणाशी, आणि काय गाळून बोलतंय ते बघा. ही चौकट त्याच नजरेनं वाचून बघा. अख्ख्या प्रश्नात 'ड्रायव्हर' हा शब्द नाही! विंडोज ७ मध्ये याच ठिकाणी तो सरळ लिहिलेला होता, आणि तिथे 'नाही, मी ठरवेन' म्हटलं की आणखी पर्याय उघडायचे. त्यातला एक अगदी स्पष्ट होता: विंडोज अपडेटवरून ड्रायव्हर कधीच घ्यायचा नाही. पुढे तो शब्द गेला, आयकॉन तेवढे राहिले, आणि 'नाही'च्या पाठीला एक भीती चिकटली.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. प्रिंटर, स्कॅनर, माउस, वायफाय या प्रत्येकाची बोली वेगळी, आणि ती विंडोजला समजावून सांगणारा हा छोटा प्रोग्रॅम. पण हा दुभाष्या ओसरीवर बसत नाही. बरेचसे ड्रायव्हर सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये चालतात. तिथे एक चूक झाली की अख्खं मशीन आडवं. १९ जुलै २०२४ला जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, आठवतंय? तेव्हा क्राउडस्ट्राइकच्या कर्नलमधल्या ड्रायव्हरला एक सदोष फाइल आपोआप पोचली होती, एवढंच. ते काम मायक्रोसॉफ्टच्या अपडेटचं नव्हतं. पण 'आपोआप' आणि 'गाभा' हे दोन शब्द एकत्र आले की काय होतं ते त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

नागरवाड्यात आमच्या घरी एक जुना प्रिंटर-स्कॅनर आहे. पिवळी पडलेली पत्रं आणि अंकांची पानं स्कॅन करायला त्याच्याइतकं गुणी यंत्र दुसरं नाही. पण त्याला त्याच्या सीडीवरचाच ड्रायव्हर लागतो. सर्वसाधारण ड्रायव्हरवर तो छापतो, स्कॅन मात्र करत नाही. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत अशी यंत्रं खूप असतील. आपण वस्तू चालते तोवर टाकत नाही. अशा घरात कुठला ड्रायव्हर बसवायचा हा प्रश्न तांत्रिक कमी आणि घरगुती जास्त असतो. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला मी हे विचारलं तर तो म्हणाला, "हा करी दो ने, बेन!" म्हणजे 'हो' करून टाका. त्याला दोष देत नाही. चौकटीनं त्यालाही हेच शिकवलंय.

आता दुसरी बाजू. आपोआप अपडेट वाईट, असं मी म्हणत नाहीये. जुन्या ड्रायव्हरमधली भोकं हल्लेखोर खरोखरच वापरतात. २०२५च्या ऑक्टोबरमधल्या अपडेटनं विंडोजबरोबर वर्षानुवर्षं येणारा एका मोडेमचा ड्रायव्हर काढूनच टाकला, कारण त्यातल्या त्रुटीतून हल्ले चालू होते. तो मोडेम वापरणारे थोडे, पण ड्रायव्हर सगळ्यांच्या मशीनवर पडून होता. हे कोट्यवधी लोकांना एकेक करून विचारत बसले असते तर काम झालंच नसतं. सुरक्षेचं अपडेट आपोआप यावं, यात वाद नाही.

वाद आहे तो सगळं एकाच पोत्यात भरण्याचा. २०१४च्या ऑक्टोबरची गोष्ट घ्या. एफटीडीआय ही स्कॉटलंडची कंपनी यूएसबी जोडणीच्या चिप बनवते. तिच्या चिपच्या नकला बाजारात भरपूर. कंपनीनं नवा ड्रायव्हर काढला, तो विंडोज अपडेटमधून लोकांकडे गेला, आणि नकली चिप सापडली की तो तिचा ओळख क्रमांकच शून्य करायचा. त्यानंतर कॉम्प्युटर त्या उपकरणाला ओळखेनासा व्हायचा. नक्कल करणं चूकच. पण शिक्षा कोणाला झाली? ज्या विद्यार्थ्यानं दुकानातून एक बोर्ड विकत घेतला, त्याला आत कुठली चिप आहे हे कसं कळणार? ओरड झाली, मग तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण दोन कंपन्यांमधलं भांडण लोकांच्या टेबलावर पोचलं ते याच 'आपोआप'मुळे.

२०२१च्या ऑगस्टमधलं प्रकरण तर विनोदी म्हणावं असं. रेझर कंपनीचा माउस नुसता जोडला की विंडोज कंपनीचा इन्स्टॉलर आपणहून आणायचं आणि सर्वोच्च अधिकारांनी चालवायचं. त्या इन्स्टॉलरच्या फोल्डर निवडायच्या खिडकीतून कोणीही त्याच अधिकारांची कमांड विंडो उघडू शकायचं. म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये पासवर्ड नको, माउस पुरे. नंतर दुरुस्ती झाली, पण दार उघडलं होतं ते सोयीनंच.

मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. अपडेटबरोबर ड्रायव्हर नकोत, असं ठामपणे सांगायची सोय विंडोजमध्ये आहे. ती ग्रुप पॉलिसीत आहे, आणि ग्रुप पॉलिसी एडिटर प्रो आवृत्तीत मिळतो, होममध्ये नाही. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपवर बहुतेक होमच असतं. ऑफिसांना खरा 'नाही' मिळतो, आपल्याला कंसातला.

तरी हातात काहीच नाही असंही नाही. २०२० पासून बरेच ड्रायव्हर अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स' या यादीत नुसते थांबून राहतात. आपण खूण केल्याशिवाय बसत नाहीत. ती यादी बघून मगच खूण करा. सगळं टिक करायची सवय वाईट. एखादा ड्रायव्हर बदलल्यावर बिघाड झाला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडा, ड्रायव्हरच्या टॅबवर 'रोल बॅक' आहे. तो फक्त एक पाऊल मागे नेतो, म्हणून जुन्या यंत्राचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर वेगळा ठेवा. सीडी कुठे असते ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

राहिला भाषेचा मुद्दा, जो या मंडळाचा आहे. याच बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश झाला, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु', १९३१. ज्याच्यावर नियम चालणार त्याला तो कळावा, एवढी साधी अपेक्षा त्यामागे मला दिसते. मग ही चौकट मराठीत कशी असावी? मी लिहून पाहिलं: "तुमच्या स्कॅनरसाठी नवा ड्रायव्हर आला आहे. आत्ताचा व्यवस्थित चालतो आहे. बदलायचा का? जुना जपून ठेवू." उत्तरं तीन: बदला, नको, नंतर विचारा. कुठल्याच उत्तरापुढे कंस नाही.

असं विचारलं तरी आमचा कॉम्प्युटरवाला बहुधा 'हा करी दो'च म्हणेल. म्हणू दे.