वाईच्या आळ्यांतले वाडे का पडतायत? दुखणं कागदात आहे

वाई : बाजाराला नाहीतर देवाला वाईला गेलेला माणूस ढोल्या गणपतीपुढे हात जोडतो, घाटावर फोटो काढतो आणि परतीची एसटी धरतो. गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाहीत जरा मान वर करून फिरलं तर वेगळंच दिसतं. देऊळ ठणठणीत, आणि आळीतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला पोट आलेलं.

काशी विश्वेश्वराचं देऊळ 1757 चं, ढोल्या गणपतीचं 1762 चं. दोन्ही रास्ते घराण्यानं बांधलेली. गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेला पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. बांधणाऱ्यांना नदी कळत होती.

वाडाही कच्चा नव्हता. खाली दगडी जोतं, वर सागवानी खांब-तुळया, पांढऱ्या मातीच्या भिंती, कडीपाट आणि कौलं. पण हे घर माणसाच्या हातावर जगतं. उन्हाळ्यात कौलं चाळली नाहीत तर पाणी भिंतीत मुरतं, माती फुगते, भिंतीतलं तुळईचं टोक कुजतं. मग एखाद्या श्रावणात अख्खा खण खाली येतो. ज्यांच्या गावात मातीची घरं आहेत त्यांना हे सांगायला नको.

मग कौलं का चाळली जात नाहीत? मालक पुण्या-मुंबईला, मिळकत पत्रिकेवर आजोबांचं नाव, खाली डझनभर वारस. खर्च कुणी करायचा यावरच गाडी अडते. जिथं जुना भाडेकरू आहे आणि 1999 चा भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढवता येतं. मुळात भाडंच किरकोळ, त्यात कौलाचा खर्चही निघत नाही.

नगरपालिकांच्या हातात 1965 च्या कायद्याचं कलम 195 आहे. धोकादायक बांधकामाला नोटीस द्यायची, दुरुस्त करा नाहीतर उतरवा. जीव वाचवायला ती हवीच, रस्त्यावरून शाळेची पोरं जातात. पण नोटिशीसोबत पैसा येत नाही. पुरातत्त्वाचा कायदा जाहीर झालेल्या स्मारकांपुरता. आळीतलं राहतं घर त्यात सहसा बसत नाही. मेणवलीच्या नाना फडणवीस वाड्याला निदान शूटिंगवाले मिळाले.

त्यामुळे वाडा वाचवायचा तर पहिली फेरी गवंड्याकडे मारून भागत नाही. आधी भूमी अभिलेख कार्यालयात वारस नोंद करावी लागते. ती असेल तर दुरुस्तीच्या अर्जावर सही कुणाची हे तरी ठरतं.